तानुबाईचा काचेवरचा गणपती

अमरावतीच्या अंबागेट वेशीच्या आत राहणाऱ्या तानुबाई चितारणीचा हात लागल्याशिवाय लग्नघराचं दार सजलं असं बायका मानायला तयार नसत, आणि बायकांपुढे पुरुषांचं चालतं कुठे! शहरात दुसरे चितारी नव्हते असं नाही. तिचा नवरा नत्थुजीच तिच्यापेक्षा साफ रेघ ओढायचा. पण त्याचा गणपती पाहून लोक म्हणत, "छान काढला," आणि तानुबाईच्या गणपतीला हात जोडत. तिने रंगवलेल्या दारातून आत आलेली सून सुखाने नांदते, अशी बोलवा होती. ती कुणी उठवली देव जाणे, तानुबाईने तर नाहीच. तिला उलट त्या बोलवेची धास्तीच वाटायची. एखाद्या घरी काही वाकडं झालं तर बोट आपल्या हाताकडे येणार, हा घोर तिच्या मनातून कधी गेला नाही.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि इकडे वऱ्हाडात बैलांच्या गळ्यात चांदीचे घुंगरू आले. माणसांनाही मग भिंतीवरची चित्रं पुरेनात. मुंबईहून काचेवर रंगवलेली चित्रं येऊ लागली होती, चौकटीत बसवलेली, खिळ्याला टांगायची. ज्याच्या ओसरीवर ती लखलखली तो शेजाऱ्यांशी जरा मान ताठ करूनच बोलायचा.

अकोल्याच्या दुर्गाबाई मोठ्या शेतीवाडीच्या मालकीण. अंबादेवीच्या दर्शनाला आल्या त्या थेट तानुबाईच्या ओट्यावर येऊन बसल्या. त्यांची सून कौशल्या. तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती आणि आता तिला पुन्हा दिवस राहिले होते.

"तुह्या हातचा गणपती पाह्यजे," दुर्गाबाई म्हणाल्या. "भितीवरचा नोको, काचेवरचा. सुनेच्या खोलीसमोर टांगतो. रोज तिच्या नजरेले पडला पाह्यजे."

तानुबाईने जन्मात काचेला रंग लावला नव्हता. पण नाही कशी म्हणणार? एवढ्या आशेने आलेल्या बाईला परत पाठवायचं तिच्या जिवावर आलं. शिवाय लोक काचेकडे वळले तर आपल्याला विचारणार कोण, हेही मनात होतंच की. ती हो म्हणून बसली.

काच दिली अब्दुल रहीमने. तो आरसे, काचा विकायचा, चौकटी ठोकायचा. मुंबईत काचेवर रंगवणारे त्याने पाहिले होते. "काचीवर मागून रंगवा लागते, तानुबाई," तो म्हणाला. "भितीवर डोळे शेवटी, इथं डोळे पयले. नाई तं मंग रंगाखाली झाकून जातात."

देवाचे डोळे शेवटी उघडायचे, ही तिच्या सासऱ्यापासूनची रीत. अंग पुरं व्हावं, दागिने चढावेत, मग उपाशीपोटी, न्हाऊन, डोळे काढावेत, आणि एकदा देवाने पाहिलं की त्याला पुन्हा कुंचला लावू नये. इथे तर अर्धवट देव आधीच बघायला लागणार! तिने उपास धरला, डोळे काढले, आणि मग दागिने, अंग, पितांबर रंगवताना तिचा जीव त्या डोळ्यांतच अडकून राहिला. रंग चढून ते दिसेनासे झाले तरी काचेपलीकडून ते आपल्याकडे पाहताहेत असं तिला वाटायचं. सोंड कुठे वळली, इकडे तिचं ध्यानच नव्हतं. आयुष्यभर हात जसा वळला तसा तो वळला.

अब्दुल रहीमने मागे फळी ठोकली, चौकट उलटली आणि चित्र दुकानाच्या फळीवर उभं केलं. अकोल्याची गाडी दारात उभीच होती. सोनेरी वर्ख चमकत होता, हिंगुळाचा लाल रंग असा उठला होता की बाजारातली माणसं थांबून पाहू लागली. तानुबाई मात्र पुढे होऊन काचेवर बोट फिरवू लागली. सोंड उजवीकडे होती.

मागून काढलेलं पुढून उलटं दिसतं, ही एवढी साधी गोष्ट तिच्या डोक्यात आली नव्हती. डाव्या सोंडेचा गणपती घरातला, चुकलंमाकलं पोटात घालणारा. उजव्या सोंडेचा कडक. त्याचं सोवळंओवळं सांभाळता सांभाळता भल्याभल्यांची तारांबळ उडते. संसारी माणूस तो घरात ठेवायचं धाडस करत नाही, आणि हा तर निघाला होता पोटुशी बाईच्या खोलीसमोर.

"काहून? तडा गेला काय?" अब्दुल रहीमने विचारलं.

"नाई," ती म्हणाली. तेवढंच. गाडीवानाने चित्र कापसात गुंडाळलं, गाडी हलली. एका शब्दाने थांबली असती, पण तो शब्द तिने काढला नाही.

घरी नत्थुजी म्हणाला, "गप राह्य. कोणाच्या ध्यानात येते?"

"अन् तिले काही झालं तं?"

नत्थुजी रंग घोटत बसला.

त्यानंतर तानुबाईच्या डोळ्याला डोळा लागला असेल तर शपथ. कापसाच्या गाड्या आल्या की ती बाजारात जाऊन अकोल्याचा माणूस शोधायची. दुर्गाबाईंकडचं सारं ठीक ना, एवढंच विचारायचं. एकदा एक गाडीवान म्हणाला, "त्या घरी आता कोणी जात नाई बाई. लय कडक झालं तिथलं. सून तं दिसतच नाई."

त्या दिवशी तिने दुसरी काच आणली. या वेळी सोंड मुद्दाम उलटी काढली, चित्र पालथं करून पुन्हा पुन्हा पाहिलं. नत्थुजी नको नको म्हणत असताना ती अकोल्याच्या गाडीत चढली. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, काच मांडीवरून खाली ठेवली नाही. दिसत नाही म्हणजे काय? आजारी आहे, की आणखी काही? विचारायची हिंमत नव्हती आणि विचार थांबत नव्हते.

दुर्गाबाईंनी दार उघडलं तेव्हा तानुबाईने त्यांना ओळखलंच नाही. उपासांनी गालफडं बसली होती, अंगावर ओलेतं.

"बरी आली," त्या म्हणाल्या. "भटजीनं पाह्यल्याबरोबर सांगितलं, हा कडक देव हाय. मी म्हटलं, तानुबाईचा हात चुकत नाई. तिनं जाणून धाडला. आमच्या घरचा दोषच तसा असंन, साध्या देवाले न आवरणारा."

"अन् सूनबाई?"

दुर्गाबाईंनी मागच्या अंगणाकडे हात केला. गोठ्यालगतच्या खोलीच्या दारात कौशल्या बसली होती. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या झालेले. कडक देवाला आपला विटाळ होईल म्हणून ती घरात येत नव्हती, चुलीकडे जात नव्हती. कुणी वाढलं तर दोन घास खायची आणि तेही उतरत नसत.

तानुबाईने वाटेत काय काय ठरवलं होतं! हा देव आता बदलायचा असतो असं सांगू, नवा टांगू, जुना घेऊन जाऊ. कुणाला कळणार नव्हतं. पण त्या पोरीला पाहिल्यावर तिने नवी काच खाली ठेवली.

"बाई, मी जाणून नाई धाडला," ती म्हणाली. "चुकली मी. काचीवर उलटं दिसते हे मले समजलंच नाई. समजलं तवा गाडी दारात होती अन् मी भेली. बोललीच नाई."

"हे मी झाकून ठेवणार नाई," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुह्या हातचं कोणी दारावर काढू देणार नाई आता."

"मालूम हाय."

कौशल्या भिंतीला धरून उठली. अंगण ओलांडून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच थबकली.

"काकू," तिने तानुबाईला विचारलं, "म्हंजे तो देव माह्यासाठी धाडला नोता? माह्या पोटात काही खोट हाय म्हून?"

"नाई व माय. खोट माह्या हातात होती."

कौशल्याने सासूकडे पाहिलं. दुर्गाबाई दारातून बाजूला सरल्या. कौशल्या उंबरा ओलांडून आत आली, चुलीपाशी बसली, आणि तिने आपल्या हाताने टोपल्यातली भाकर काढून घेतली.