चांद्याच्या तुरुंगासाठी एक माणूस

नगरहून निघताना वाटले होते, चांद्याचा तुरुंगाधिकारी भला माणूस असेल. माझी ही समजूत त्याने फाटकातच घालवली. स्वराज्य येऊन फार वर्षे झाली नव्हती, आणि मिशनच्या माणसाकडे साहेब लोक जरा तिरकेच पाहत.

"तुमचे लोक रविवारी येतात, गाणी म्हणतात, जातात," तो म्हणाला. "इथे भामरागडकडचा एक माडिया गोंड कैदी अन्नाला शिवत नाही. त्याची भाषा कोणाला येत नाही. बोलणारा आणा. मात्र एक जरी नियम मोडलात, तर तुमची उपासना कायमची बंद!"

कैद्यांना भेटणारे स्वयंसेवक जमवायचे, त्यांना तयार करायचे, हेच माझे काम. पण माडिया बोली जाणणारा आमच्यात एकही नव्हता. सिरोंच्याच्या ख्रिस्ती मंडळीत असा एक जण, पोचन्ना, असल्याचे कळले आणि मी लगोलग निघालो.

मोटार आलापल्लीपर्यंत, पुढे रेंगी (हलकी बैलगाडी). सागाच्या जंगलातून जाताना हाडे खिळखिळी झाली. वाटेत एका गावात पानाच्या द्रोणातून जावा (कण्यांची पातळ पेज) मिळाली. आंबूस, थंडगार. भुकेला ती अमृतासारखी लागायला हवी होती, पण तो उपाशी माणूस मनातून जाईना.

पोचन्ना गोदावरीकाठी जाळे सांधत बसला होता. हा ख्रिस्ती कोळी मासे विकायला माडिया गावांत हिंडणारा.

"बोलाले काय, बोलीन मी," तो म्हणाला. "पर मले उपदेश नाई येत, भाऊ."

"उपदेश राहू द्या. नियम तेवढे पाळा."

परतीच्या वाटेवर मी ते त्याच्याकडून घोकून घेतले: आत काही न्यायचे नाही, बाहेर निरोप आणायचा नाही, गुन्हा विचारायचा नाही. तो मान डोलवत होता आणि मी स्वतःवरच खूश होतो.

रविवारी फाटकात झडती झाली. पोचन्नाच्या धोतराच्या सोग्यातून तंबाखूची पुडी निघाली.

"हेच शिकवलंत का?" साहेब कडाडला.

"भाऊनं बराबर शिकवलं, साहेब," पोचन्ना म्हणाला. "पर तिकडं तंबाखू देल्ल्याबिगर कोनी कोनाशी बोलत नाई. त्याच्यापाशी रिकाम्या हातानं बसू कसा?"

मला त्याचा भयंकर राग आला. सगळे संपले असेच वाटले. साहेबाने पुडी ठेवून घेतली.

"तो उपाशी आहे म्हणून आजच्यापुरतं जा. मी सोबत येतो."

कैदी भिंतीकडे तोंड करून बसला होता. शेजारी भाकर तशीच पडलेली. पोचन्ना उकिडवा बसला आणि हात पसरून माडियात काहीतरी सांगू लागला. कैदी हलला नाही. साहेब चुळबुळ करू लागला. मी मनातल्या मनात प्रार्थना करत होतो. अखेर कैदी हळूच वळला आणि काही पुटपुटला.

"काय म्हणतो?" साहेबाने पोचन्नाला विचारले.

"तुयासाठी तंबाखू आनली होती, फाटकात धरलो गेलो, असं म्या सांगतलं. तो इचारून राह्यला, तुले बी पकडलं काय?"

कैदी चक्क हसत होता. मग दोघे बराच वेळ बोलले. बोलता बोलता कैद्याने भाकर पुढे ओढली.

फाटकाशी साहेब म्हणाला, "पुढच्या रविवारी यालाच पाठवा. झडती मी स्वतः घेईन."

नगरला पोचलो, तर मंडळीतली माणसे वाट पाहत होती. जंगलात जाऊन आलेल्याने विजयाचीच वार्ता आणावी, अशी आमच्याकडची अपेक्षा.

"किती जण प्रभूकडे वळले?" त्यांनी विचारले.

"एक जण जेवला," मी म्हणालो.