मुरै की मुरलेलं? विहीणबाईंच्या विहिरीसाठी चेन्नईची वारी

काय मंडळी, कसं चाललंय? नाशिकच्या कुसुमताई, गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? काठी सुटली की अजून सोबतीला आहे? बेळगावचे भाऊजी, साखर ताब्यात आहे, की आंब्यांनी घोळ घातला? सुनंदा, लेकीचा खोकला थांबला का गं? मी ठणठणीत आहे. गेल्या महिन्यात चेन्नईहून सुजून आलेले पायही आता उतरलेत. आणि जीव असा हलका झालाय म्हणून सांगू!

जायचं ठरलं लेकीच्या फोनवरून. मीनल तिकडे अण्णा नगरात राहते. तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई जानकीबाई, तंजावरकडच्या मराठी घरातल्या. शहरापासून लांब, इरुंगाट्टुकोट्टैच्या पुढे, तळ्याकाठच्या गावात एकट्याच असतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या परसातल्या विहिरीने तळ गाठला होता.

"आई, तळ्याच्या पाणीवाटपाची मुदत संपत आलीय," मीनल म्हणाली. "तेच वाटप पुन्हा मंजूर झालं तर विहीर गेलीच समज. रघू म्हणतो तिथलं घर विकू. आणि सासूबाई धड जेवतसुद्धा नाहीत. तू ये बाई."

गोडा मसाला आणि मेतकूट बांधलं नि निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते: स्टेशनातून अण्णा नगरला मेट्रोनेच जा. थंडगार, स्वच्छ, आणि रिक्षाच्या निम्म्याहून स्वस्त. दुपारी कुठल्याही साध्या हॉटेलात 'मील्स' म्हणा, केळीच्या पानावर पोटभर जेवण येतं. भात नको असेल तर पानावर हात आडवा धरा, तोंडाने कितीही 'बास' म्हटलं तरी वाढणारा ऐकत नाही! पहिल्या दिवशी मीनलने कोवलमला नेलं, केरळातलं नव्हे, चेन्नईजवळचं. समुद्राकाठच्या रस्त्याने बस सरळ जाते. ऊन चढायच्या आत पोचा, होड्या लागल्या की मासळीचा बाजार बघण्यासारखा असतो. मी बोटांच्या खुणांनी सुरमईचा भाव पाडला. कोळीण हसून लोटपोट.

दुसऱ्या दिवशी बंगळूर रस्त्याची बस धरली. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने एकाला एक चिकटून आहेत. त्यातल्याच एकात जावई रघू कामाला. पुढे शेअर रिक्षा.

दारातच जानकीबाई. "आलांत का! वाळलांत म्हणावें तर तसेंही दिसत नाही."

"तुमचा टोमणा पेलायला अंगात बळ नको का?" मी म्हटलं.

खूप दिवसांनी सासूबाई हसल्या, असं मीनल नंतर म्हणाली.

तर हे वाटप म्हणजे काय? तळ्यातलं पाणी शेताला किती, कारखान्यांना किती, शहराला किती, याचा सरकारच्या पाणी खात्याने केलेला आराखडा. तो ठरावीक वर्षांपुरता असतो. मुदत संपण्याआधी खात्याबाहेरची माणसं येऊन तपासतात: लिहिलं तसं झालं का, कुणाचं नुकसान झालं का. मग ती आपलं मत देतात. आहे तसा चालू ठेवा, थोडी मुदत वाढवा, नाहीतर नवा करा. मला वाटायचं खातं स्वतःच स्वतःची पाठ थोपटत असेल. तसं नव्हतं.

या तपासणाऱ्या समितीच्या सुनावणीसाठी गावच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. समितीच्या बाई पिकल्या केसांच्या, आवाज मऊ पण प्रश्न टोकदार. सगळं तमिळमध्ये. मला त्यातलं 'तण्णी' म्हणजे पाणी, एवढंच कळायचं. बाई सारख्या 'मुरै तण्णी, मुरै तण्णी' म्हणत होत्या. मी खूश! जानकीबाईंना कोपराने ढोसलं.

"बघा, मुरलेल्या पाण्याचाच हिशेब विचारतायत."

"अय्यो विहीणबाई! मुरै म्हणजे पाळी. शेताची पाण्याची पाळी!" त्या तोंडाला पदर लावून हसल्या. मग पदर खाली घेऊन म्हणाल्या, "पण मुरलेलें कुठें आहे ह्यांत? विहिरीस तर तेंच येतें."

आणि उठल्या की!

रघू कुजबुजला, "अम्मा, बस. आमचे कारखान्याचे साहेब पुढेच आहेत. त्या पाण्यावर आपला पगार आहे."

"तुझा पगार तूं राख. माझी विहीर मी बघतें."

त्यांनी तमिळमध्ये विचारलं ते मीनलने मला सांगितलं: तळ्यातून झिरपून विहिरींत येतं ते पाणी कुणाच्या वाट्यात धरलंय? खात्याचे साहेब म्हणाले, आराखड्यात फक्त तळ्याच्या दरवाजातून सोडलेलं पाणी मोजतात. बाईंनी मान वर केली. "म्हणजे तळं किती खाली गेलं की विहिरी आटतात, हे कुणी बघितलंच नाही?" साहेब कागद चाळू लागले.

जेवण झाल्यावर समिती चालत आमच्या परसात. कागदावर भागवलं नाही, स्वतः टेप सोडून पाणी मोजलं, शेजारच्या विहिरींतही मोजलं. रहाटापाशी टेपचं टोक कोणी धरलं असेल? रघूने! वर म्हणाला, "मॅडम, कारखान्यात वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा घेता येईल. आमच्या साहेबांना अवघड वाटतं, पण येईल." जानकीबाईंनी रात्री त्याच्या पानात तुपाची धार जरा लांबवली.

मी घरी परतल्यावर समितीचं मत जाहीर झालं. जुना आराखडा आहे तसा पुन्हा मंजूर करू नका. थोडीच मुदतवाढ द्या, तेवढ्यात विहिरी मोजून नवा करा, आणि तोवर तळ्याची पातळी एका खुणेखाली जाऊ देऊ नका. अगदी विहिरी भरल्या असं नाही, नव्या आराखड्यात कोण काय घुसडेल तेही बघावं लागेल. पण सरकारने ही मुदतवाढ मानली, आणि काल जानकीबाईंचा फोन आला.

"घर बघायला आलेल्यांस चहा दिला नि पाठविलें. रघूनेंही विकण्याचें नांव सोडलें. आतां तुम्ही पुढच्या सुनावणीस या. आणखी एखादा शब्द चुकीचा ऐका!"

आता मंडळी, तुमच्या गावच्या तळ्याचं, धरणाचं वाटप कोण तपासतं, मुदत कधी संपते, जरा चौकशी करा. आणि कळलं की लगेच मला लिहा, नुसता अंगठा दाखवून पळू नका. कुसुमताई, गुडघ्याचंही सोबतच कळवा.