दोन जोड्या, एकच 'हॉ.'

केबल जोडणाऱ्यांत त्याला सगळे 'कानसेन' म्हणत. पलीकडचा माणूस स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय एकतीस वर्षांत त्याने एकही जोड बंद केला नव्हता. "बाहेर कानसेन, घरात ठार बहिरा," असं बायको म्हणायची, आणि तेही खरंच होतं.

त्या सकाळी रस्ता खचला आणि मुख्य केबल तुटली. मोबाइलचे टॉवर तिच्यावरच चालत, त्यामुळे सगळं गाव मुकं झालं. दुपारपर्यंत एका जुन्या केबलवरून त्याने पोलीस आणि अग्निशमनाचे फोन गावापुरते सुरू केले. आता तिच्यात शहरापर्यंत पोचणारी तारांची एकच धड जोडी उरली होती आणि हॉस्पिटल बाकी होतं. तिथे एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता. शहरातल्या रक्तपेढीकडे माणूस धाडायचा, तर खचलेल्या रस्त्याला वळसा घालून नुसतं पोचायलाच दोन तास.

खड्ड्यात उतरून त्याने गावाकडच्या तारांवरच्या चिठ्ठ्या पाहिल्या, मग पुन्हा एकदा पाहिल्या. दोन जोड्यांवर एकच अक्षर होतं : 'हॉ.' एक हॉस्पिटलची, दुसरी हॉटेलची. अक्षर त्याचंच, वीस वर्षांपूर्वीचं.

"काय झालं?" वरून इंजिनिअरबाईंनी विचारलं.

"माझा आळस नडला, बाई. पुढची अक्षरं लिहायचा कंटाळा केला."

"मग एक जोडून बघा. चुकलं तर बदलू."

"तार आखूड आहे. एकदाच पुरेल."

त्याने चाचणीचा फोन पहिल्या जोडीला लावून घंटा दिली. उत्तर नाही. दुसऱ्या जोडीलाही नाही. बंद पडलेल्या फोनजवळ बसणार कोण? पुन्हा पहिली. घंटा वाजत राहिली. घाम डोळ्यांत उतरला.

"हॅलो! लागला का हो फोन? खोली हवीय?"

"नको!" त्याने फोन काढला. "बाई, ही हॉटेलची."

"म्हणजे दुसरी हॉस्पिटलची," बाई म्हणाल्या.

"ऐकलं नाहीये अजून."

"कानसेन, तिकडे बाई मरतेय."

त्याने एकवार वर पाहिलं. मग दुसऱ्या जोडीची टोकं सोलली आणि न ऐकताच पीळ घातला. एक तार निसटली, पुन्हा धरली. जोड बंद करून त्याने घंटा दिली. सहा वेळा. सात.

"हॉस्पिटल! कोण बोलतंय?" धापा टाकत एका नर्सने विचारलं.

"टेलिफोनवाला. ठेवू नका, रक्तपेढी जोडून देतोय."

तिने रक्तगट सांगितला, चार पिशव्या मागितल्या. पलीकडून उत्तर आलं, "गाडी काढतोय. दोन तास धरा."

"दीड," नर्स म्हणाली. "दीडच्या वर नाही."

"निघालोच," पलीकडचा म्हणाला.