टेबलाखालची कात्री

नाशिकमधल्या एका प्राथमिक शाळेत, जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनाच्या सकाळी, पालक आत यायच्या दहा मिनिटं आधी, दुसरीतल्या एका मुलीच्या आजीचा अपमान झाला, आणि तो माझ्या हातून झाला. परवा टपरीजवळ तंबाखूचा वास आला आणि ती सकाळ आठवली. मी तेव्हा डी.एड. करत होते आणि सरावासाठी त्या वर्गाला शिकवत होते. ‘घरातली जुनी वस्तू आणा, तिचा इतिहास सांगा,’ असं मीच मुलांना सांगितलं होतं. कोणी समई आणली, कोणी पितळी अडकित्ता. या मुलीने आणली सिन्नरच्या आजीची विडीची पानं कापायची कात्री, झिजलेल्या मुठीची, तंबाखूचा वास मुरलेली. मुख्याध्यापक कडाडले, “मॅडम, शाळेत बिडी? उचला ते आधी!” अडकित्त्याने काय शेंगा फोडतात का सर, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं आणि कात्री टेबलाखालच्या खोक्यात टाकली. मुलगी बघत होती. दहा मिनिटांनी पालकांबरोबर आजी आली, ठेवणीतलं लुगडं नेसून. तिने टेबल दोनदा पाहिलं. “बाई, माझी कात्री कुठं हाय?” “जागा पुरली नाही हो, आजी.” “अडकित्त्याला बरी पुरली! तीन पोरं शिकवली मी तिच्यावर.” नातीचा हात धरून ती निघून गेली. तुमच्या मुलांच्या शाळेत असं टेबल मांडलं, तर आधी त्याच्याखाली वाकून बघा, आणि जे सापडेल ते सगळ्यांदेखत वर ठेवा.