पाठीवर पडून ऐकलेली पुस्तकं

डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि पेनाच्या टोकानं एक जागा दाखवली. "हे दोन मणके बघा. मधली चकती जवळजवळ गेलीय. इथं पू साचलाय, तो मज्जारज्जूवर दाब देतोय. याला पॉट्स स्पाइन म्हणतात. मणक्याचा टीबी."

टीबी छातीत होतो एवढंच मला माहीत होतं. तसं मी म्हणाले. ते म्हणाले, "केस आणि नखं सोडली तर कुठंही होतो. तुमची छाती स्वच्छ आहे, त्यामुळं घरात कुणाला लागण होण्याची भीती नाही. गोळ्या अठरा महिने. पहिले तीन महिने पूर्ण बेड रेस्ट. बसायचंसुद्धा नाही. पायांतली ताकद आणखी कमी झाली तर ऑपरेशन करावं लागेल, आणि त्यानंतरही चालता येईलच असं मी सांगणार नाही."

"झोपून वाचलं तर चालेल?"

त्यांनी पहिल्यांदा फिल्मवरून नजर काढून माझ्याकडं पाहिलं. "वाचा की. फक्त मान उचलू नका."

मी कवठे येमाईच्या शाळेत शिक्षिका आहे. राहायला शिरूरला. तोवर माझे दोन कथासंग्रह आले होते. पाठ आठ महिन्यांपासून दुखत होती. रोजच्या एसटीच्या धक्क्यांनी दुखत असेल असं मी धरून चालले. संध्याकाळी अंगात कसकस असायची, तिचाही हिशेब मी दमण्यातच धरला. मग एकदा शाळेच्या पटांगणात डाव्या पायातली चप्पल सुटली आणि मी तशीच वर्गापर्यंत चालत गेले. मागून एक बाई चप्पल हातात घेऊन आल्या, तेव्हा मला कळलं. हे वाचणाऱ्या कुणाच्या पायातली चप्पल अशी नकळत सुटत असेल, तर त्यांनी डॉक्टरकडं जायला माझ्यासारखा पंधरवडा घालवू नये.

घरी फळीच्या पलंगावर पातळ गादी टाकली. कुशीवर वळायचं तर खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटतात तसं. त्याला लॉग रोल म्हणतात. ते करायला एक बाई सकाळ-संध्याकाळ यायच्या. रिफाम्पिसिन नावाच्या गोळीनं लघवी केशरी होते. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या दिवशी मी घाबरले. मुलगी आजोळी गेली. नवरा कारखान्यात. दिवसा घरात मी आणि माझे सासरे, आप्पा, एवढेच.

आप्पा मार्केट यार्डात मापाडी होते. चाळीस वर्षं त्यांनी कांद्याच्या गोण्या काट्यावर तोलून वजनं पुकारली. शिक्षण चौथी. लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण आम्ही दोघंच एका खोलीत कधी बसलो नव्हतो.

पहिल्या आठवड्यात मी एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली. दहा मिनिटांत दंड भरून आले आणि पुस्तक सुटून चष्म्यावर पडलं. आप्पा दारात उभे होते. ते आत आले, पुस्तक उचललं, खुर्ची ओढून बसले.

"कुठवर आलतीस?"

मी सांगितलं. त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक शब्द मोठ्यानं आणि अगदी सारख्या सुरात, यार्डात वजन पुकारावं तसा. नायिकेचं रडणं आणि तलाठ्याचं येणं, दोन्ही एकाच पट्टीत. दोन दिवस मला ते सोसवेना. तिसऱ्या दिवसापासून मी वाट बघू लागले.

कादंबरी समुद्राकाठच्या एका गावाची होती. पन्नास पानं झाल्यावर आप्पा थांबले. "ह्या माणसाला जेवायला कोण घालतं? नुसता हिंडतोय मघापासून." लेखकानं याचा विचार केला नव्हता. वाचणाऱ्यांपैकी मीही नव्हता केला. तरी कादंबरी आवडली.

मग एका सुईणीचं आत्मकथन आलं. पहिल्या बाळंतपणाच्या वर्णनाशी आप्पा खाकरले. "हे तू मनातल्या मनात वाच," म्हणाले. मग उठून उभे राहिले, पुस्तक माझ्या तोंडावर उघडं धरलं आणि स्वतः भिंतीकडं बघत राहिले. मी "हं" म्हटलं की पान उलटायचे. अख्खं पुस्तक आम्ही असं वाचलं. वर्षभरातल्या पुस्तकांत ते मी फार वर ठेवते. त्या बाईंची भाषा त्यांच्या हातांइतकीच न घाबरणारी होती.

पुस्तकं आणायला आप्पाच ग्रंथालयात जायचे. तिथं शकीलाभाभी काम करतात. आमच्याच आळीत राहतात. काय द्यावं ते त्या ठरवायच्या. शेळीपालनाची एक पुस्तिका मात्र आप्पांनी स्वतः निवडून आणली. पशुवैद्यानं लिहिलेली, साधी, एकही शब्द जास्तीचा नसलेली. गाभण शेळीची काळजी या प्रकरणाच्या तोडीचं गद्य मी त्या वर्षी दुसरं ऐकलं नाही.

दुसरा महिना संपत आला होता. ईएसआर, म्हणजे अंगातली सूज किती ते सांगणारी रक्ताची तपासणी, थोडा उतरला होता. डाव्या पायाचा अंगठा हलत होता, पण तेवढंच. त्या दुपारी आप्पा पुस्तक घेऊन आले आणि पहिल्यांदाच हसले.

"शकीला म्हनली, तुमच्याच सुनंचं हाय, आन् तुमी वाचलं न्हाई व्हय? म्हनलं, दे."

माझा दुसरा कथासंग्रह होता. त्यातली तिसरी गोष्ट एका बापाची आहे. आई आजारी पडते तेव्हा तो मुलीला सातवीतून काढतो, चुलीला जुंपतो. मुलगी पुस्तकं धोतराच्या फडक्यात बांधून लपवते. बापाला ती सापडतात आणि तो ती अंघोळीच्या पाण्याखालच्या चुलीत जाळतो. ती मुलगी म्हणजे माझ्या नणंद, सुनंदावन्सं. आता दौंडला असतात. "माझी पुस्तकं गेली," एवढंच त्यांनी मला एकदा भांडी घासताना सांगितलं होतं. बाकीचं मी लिहिलं.

"आप्पा, दुसरं काहीतरी वाचा," मी म्हटलं.

"का? लिवलंय तर ऐकू की."

त्यांनी पहिली गोष्ट वाचली, दुसरी वाचली. मला उठून पुस्तक काढून घेता येत नव्हतं. मान उचलायचीही परवानगी नव्हती. तिसरी गोष्ट सुरू झाली. मधेच त्यांचं बोट मंदावलं, ते मला आवाजावरून कळलं. तरी त्यांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्याच सुरात.

मी छताकडं बघत होते.

"ह्यात एक चुकलंय," आप्पा म्हणाले. "म्या जाळली न्हाईत. पुतन्याला दिली. त्यो तिच्या मागच्या वर्गात हुता." मग म्हणाले, "जाळायला राग यावा लागतो. मला राग आलाच नव्हता. मला कायच वाटलं नव्हतं."

पुस्तक मिटून ते बाहेर गेले. दोन दिवस खोलीत आले नाहीत. औषधाची वेळ दारातूनच सांगायचे. चालता येणार नाही ही भीती तोवर माझ्या सवयीची झाली होती. ह्या दोन दिवसांची सवय होत नव्हती. मी अपमान केला होता, आणि तोही चुकीच्या तपशिलानं. क्रूरपणा मला कळत होता, म्हणून मी क्रूरपणा लिहिला. काहीच न वाटणं मला सुचलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते खुर्चीत येऊन बसले. म्हणाले, "चौथी." आणि चौथी गोष्ट वाचली.

पुढच्या आठवड्यात सुनंदावन्सं माझ्याकडं राहायला आल्या. त्यांचे मालक, म्हणजे आप्पांचे जावई, कुरकुंभला केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये असतात, त्यांची सोय लावून आल्या होत्या. दुपारी आप्पा वाचत होते, वन्सं दारात तांदूळ निवडत होत्या. पान संपल्यावर आप्पा मान न उचलता म्हणाले, "सुनंदा, तुजी पुस्तकं म्या दिली तवा तुला इचारलं नव्हतं."

तांदळाचा आवाज थांबला.

"आप्पा, भाकरी टाकायच्यात," म्हणून त्या आत गेल्या. भाकऱ्या झाल्या. मग त्या पदराला हात पुसत आल्या, खाली बसल्या. "कुठवर आलंय? वाचा." आप्पांनी ओळीवर बोट ठेवलं आणि पुढं वाचायला लागले. 

तीन महिने पुरे झाल्यावर टेलर ब्रेस आला. पाठ ताठ धरणारा, पट्ट्यांचा आणि धातूच्या सळ्यांचा सांगाडा. तो बांधून मला बसवलं तेव्हा खोली फिरली. इतके दिवस आडव्या माणसाला एकदम उभं केलं की रक्तदाब पडतो, ते अपेक्षित असतं. पंधरा दिवसांनी मी दारापर्यंत गेले. "ऑपरेशन टळलं," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या मात्र एक दिवसही चुकवायच्या नाहीत. बरं वाटतं म्हणून थांबवणारेच परत येतात." हे वाक्य मी जसंच्या तसं पुढं देते. बरं वाटायला लागेल. तरीही थांबवू नका.

गोळ्या अजून चालू आहेत. डावा पाय किंचित ओढतो. वर्षभरातली आवडती पुस्तकं कोणती, असं परवा एका संपादकांनी पत्रानं विचारलं. सुईणीचं आत्मकथन, समुद्राकाठची कादंबरी आणि शेळीपालन, असं मी कळवलं. स्वतःचं पुस्तक यादीत घेत नाहीत. घेत असते तरी ते मी आवडतं म्हणून लिहिलं नसतं. पण त्या पुस्तकाइतकं मला वर्षभरात दुसऱ्या कुणी शिकवलं नाही. शकीलाभाभींचे, त्या वळवणाऱ्या बाईंचे आणि डॉक्टरांचे आभार मी त्यांना भेटून मानले. आप्पांचे कसे मानायचे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

गेल्या महिन्यात एसटीनं प्रवासाची परवानगी मिळाली. मी आणि आप्पा दौंडला गेलो. आप्पांच्या पिशवीत ग्रंथालयाचं पुस्तक होतं, एका खलाशाच्या प्रवासाचं. वन्सं म्हणाल्या, "द्या इकडं. तुमचं ऐकत बसले तर बोट कधी किनाऱ्याला लागायची नाही."

त्या वाचू लागल्या. जोडाक्षराशी अडत होत्या, पण आप्पांपेक्षा कितीतरी जलद. आप्पा गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मधेच वन्संचे मालक पहिल्या शिफ्टवरून आले, बूट काढले, "चहा टाकतेस का?" म्हणाले.

"एवढं पान होऊ द्या," वन्सं म्हणाल्या. मान उचलली नाही.

जावई दारातच उभे राहिले. आप्पा उठले. "बसा तुमी," त्यांना म्हणाले आणि आत गेले. डबे उघडल्या-झाकल्याचे आवाज आले. मग त्यांचा तो यार्डातला आवाज, "सुनंदा, चापत्ती कशात हाय?"

वन्संनी पान उलटलं आणि वाचत राहिल्या.