प्लग मंजूच्या मांडीवर होता

मंडळी, हात अजून जरा गार आहेत, म्हणून लिहून टाकतो.

मी घरी बनवलेला, काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आठवडाभर रुसला होता. गाणं लावलं की थोड्या वेळात आवाज आपोआप बसायचा. संशय व्होल्टेज रेग्युलेटरवर, म्हणजे विजेचा दाब एकसारखा ठेवणाऱ्या भागावर. आज दुपारी नाहूरच्या घरी तो उघडून बसलो.

आमच्याकडे एक नियम आहे. माझे हात यंत्रात असले की त्याचा प्लग बायकोच्या मांडीवर. त्यामुळे मंजू शेजारी खोबरं किसत बसली होती.

कपॅसिटरमध्ये साठलेली वीज मी रीतसर उतरवली. मीटरवर शून्य आलं. मग सोल्डरिंग आयर्न तापायची वाट बघत बसलो.

"ए, आकडा हलतोय बघ," मंजू म्हणाली.

चार व्होल्ट. अकरा. एकोणीस. कोणीतरी सावकाश जिना चढावा तसा.

"प्लग माझ्याकडे आहे रे," तिने तो उचलून दाखवला. किसणी थांबली होती.

कारण मला माहीत आहे. मोठा कपॅसिटर रिकामा केला तरी त्याच्या पोटात थोडी वीज दडून राहते आणि मागाहून वर येते. रेग्युलेटरचा बिघडलेला ट्रान्झिस्टरही नंतर सापडला, बदलला. आता झकास वाजतोय.

पण आकडा चढत होता तेव्हा मी त्या पत्र्याच्या डब्याला हळूच विचारलं होतं, "कोण आहे?"

आणि मंजू हसली नाही.

तुम्ही कधी असं विचारून, उत्तर येऊ नये म्हणून कान देऊन बसलायत?