दाजींच्या गाडीचं डोकं

जगातली झाडून सगळी यंत्रं बैलाच्या वंशातली आहेत, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आजवर पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. सोनईला आमच्या दाजींची ऊस-कांद्याची शेती आहे. विहिरीवरची मोटर रुसली की ते आधी तिच्या पाठीवरून हात फिरवतात आणि मग वायरमनला फोन लावतात. घरची पिठाची गिरणी गरम झाली तर तिला ‘धाप लागलीय’ म्हणून सगळ्या बायकांना डबे घेऊन ओट्यावर थांबवतात. मिक्सर एकदा जळाला, तेव्हा ‘म्हातारा झाला बिचारा’ असं म्हणून तो भंगारवाल्याला न देता माळ्यावर ठेवला. तिथे आधीच दोन पंखे, एक रेडिओ आणि स्कूटरची सीट निवृत्तीचं आयुष्य सुखानं काढत होती.

पण या सगळ्या गोतावळ्यात मानाचं पान होतं ते त्यांच्या पांढऱ्या डिझेल गाडीला. तिच्यात बसताना चपला बाहेर काढायच्या, हा नियम. एकदा तालुक्याचे साहेब पाहणीला आले होते आणि दाजींनी त्यांना शेतावर सोडतो म्हटलं. साहेबांनी बुटासकट पाय आत टाकल्याबरोबर दाजी हात जोडून म्हणाले, “सायेब, ते बूट तेवढं हातात घ्या.” साहेब बूट मांडीवर घेऊन बसले आणि आम्ही मागच्या सीटवर खिडकीबाहेर बघत राहिलो. सीटवरचं शोरूमचं प्लॅस्टिक दाजींनी अजून काढलेलं नाही. उन्हाळ्यात त्यावरून उठताना पाठ आणि सदरा यांची फारकत व्हायची, पण बोलण्याची कुणाची छाती नव्हती.

या लाडाला एक कारण होतं, आणि ते कारण म्हणजे माझी अक्का. अक्काला गाडी लागते. लागते म्हणजे काय, तर एसटीचा नुसता वास आला तरी तिचा चेहरा पिवळा पडतो. लग्नाच्या वरातीत ती नव्या नवरीच्या मुंडावळ्या सावरत जीपबाहेर डोकं काढून आली होती, हे सोनईतले जुने लोक अजून सांगतात. मी नवी गाडी घेतली तेव्हा हौसेनं तिला फिरवायला नेलं, तर स्टँड यायच्या आतच माझ्या हौसेचं आणि मॅटिंगचं पाणी झालं. त्यामुळे अर्ध्या आयुष्यात ती माहेरपलीकडे कुठे गेली नाही. आणि मग ही पांढरी गाडी घरी आली, अक्का तिच्यात बसली, राहुरीला जाऊन आली, आणि काहीही झालं नाही! दाजींनी त्या दिवशी गाडीची दृष्ट काढली. “ह्या गाडीत तिला लागत न्हाई,” हे ते पुढे येणाऱ्या-जाणाऱ्याला देवस्थानाची प्रचिती सांगावी तसं सांगत राहिले.

तर अशी ही गाडी, दोन-तीन वर्षांपूर्वी, नेमकी भाचीच्या डोहाळजेवणाच्या तोंडावर बिघडली. भाची अकोले तालुक्यात राजूरला शाळेत शिकवते, सासरही तिथलंच. डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला होता, म्हणजे जायचं ते आईनंच. पहिली ओटी आईनं भरायची, असं भाचीनं फोनवर रडत रडत सांगितलं होतं. आणि इकडे गाडी चालता चालता मध्येच डोळे मिटायची. गार असली की ठणठणीत, तापली की बंद. दाजींनी बॉनेट उघडून सगळीकडे हात लावून पाहिला. बॅटरीशेजारी एक चपटी ॲल्युमिनियमची पेटी होती, तिच्यावर हात टेकताच ते म्हणाले, “हिचं डोकं तापलंय.” त्यांनी अक्काचा रुमाल भिजवून त्या पेटीवर ठेवला, तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. थोड्या वेळानं चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली!

अशाच ओल्या पट्ट्या ठेवत, दर दोन गावांआड थांबत, ते दोघं नगरला माझ्या घरी येऊन थडकले. मी गाडी माझ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्यानं लॅपटॉप जोडला आणि निकाल दिला. “काका, तुम्ही पट्टी बरोबर जागी ठेवली. हा गाडीचा कॉम्प्युटर. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळं हा ठरवतो. हाच बाद होत चाललाय.” मग त्यानं पेटी उघडली आणि चक्रावून आमच्याकडे पाहिलं. आतल्या पिनांवर पांढरी खपली चढली होती आणि तिच्यात चक्क हळद-कुंकू होतं. “हे आत कसं गेलं?” अक्कानं दाजींकडे पाहिलं, दाजींनी छताकडे. दर खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की बाकीचे लोक गाडीच्या चाकाशी नारळ फोडतात. दाजींचं म्हणणं, पायाशी काय फोडायचा? म्हणून ते बॉनेट उघडून, हळद-कुंकू वाहून, नारळाचं पाणी इंजिनाला पाजत आले होते. दरवर्षी, भक्तिभावानं, नेमकं त्या पेटीवर.

“देवाचं पानी हाय. त्यानं कसं बिघडंल?” दाजी म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

नवा कॉम्प्युटर मागवला तर यायला महिना लागणार होता. मेकॅनिक म्हणाला, गाडी विका. मी म्हणालो, अक्काला गोळी देऊन माझ्या गाडीतून नेऊ. फोनवर जावई म्हणाले, व्हिडिओ कॉलवर ओटी भरू. दाजींनी प्रत्येकाचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ओटी काय फोनमधी भरत्यात का? आन् गाडी विकायची न्हाई. तिचं डोकं तेवढं बदलायचं. पाव्हणं, तुमी अक्काला सांभाळा, मी डोकं घिऊन येतो.” दाजींनी असा स्वर लावला की पुढे बोलण्यात अर्थ नसतो.

कुणाकुणाला फोन करून त्यांनी शोध लावला, की मिरजगावला अगदी अशीच गाडी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडून आहे. उसाच्या ट्रॉलीला मागून धडकलेली, माणसं वाचली, गाडी कामातून गेली. दाजी एसटीनं मिरजगावला गेले आणि पेटी धोतराच्या फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन आले. मेकॅनिकनं ती बसवली. गाडी चालू होईना! डॅशबोर्डवर एक लाल दिवा नुसता डोळे मिचकावत राहिला. “काका, हा कॉम्प्युटर तुमची चावी ओळखत नाही. चोरीची चावी समजतो. त्या गाडीची चावी आणि तिच्या कुलपाजवळचं छोटं यंत्र, दोन्ही पाहिजेत.”

मी कपाळाला हात लावला. दाजींना मात्र ही गोष्ट फार पटली. “बराबर हाय त्याचं. आपुन त्याला दावं तोडून आनलं. वळखीचं मानूस नको का संगती?” आणि ते पुन्हा मिरजगावला निघाले.

यंत्र गोठ्यातल्या गाडीतून निघालं, पण चावी त्या घरच्या मालकिणीनं कपाटाच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली होती. गेलेल्या गाडीची तेवढीच आठवण, म्हणून ती काढून द्यायला बाई राजी नव्हत्या. दाजी ओट्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. अक्काचं गाडी लागणं, राजूर, ओटी, खंडेनवमी, काही वगळलं नाही. बाई आधी पोट धरून हसल्या, मग आत गेल्या, आणि चावीबरोबर एक हिरवा खण आणि नारळ घेऊन आल्या. म्हणाल्या, “माज्या वतीनं बी ओटी भरा लेकीची. आन् ह्यो नारळ गाडीवर नका फोडू.”

नगरला ते सगळं बसवल्यावर गाडी सुरू झाली. मेकॅनिक म्हणाला, एक लांबची चक्कर मारून तपासू, मी चालवतो, काका तुम्ही मागे बसून आवाज ऐका. अक्का पुढे बसली, कारण उद्या सकाळी निघायचं होतं आणि खरी परीक्षा तिचीच होती. दौंड रस्त्याला लागेपर्यंतसुद्धा धीर निघाला नाही. अक्कानं तोंडाला पदर लावला, हात वर केला, आणि गाडी थांबेपर्यंत जे व्हायचं ते झालं.

दाजींचा चेहरा त्या दिवशी मी पाहिला तसा पुन्हा बघायला लागू नये. इतके हेलपाटे घालून न थकलेला माणूस रस्त्याकडेच्या दगडावर मटकन बसला. “डोकं बदललं आन् गाडीच बदलली. अक्काची सवय न्हाई ह्या डोक्याला. काढा ते. जुनं बसवा. मी पट्ट्या ठिवत जाईन राजूरपतूर.” मेकॅनिक समजावून थकला. शेवटी अक्कानं चूळ भरली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “तुमी चालवा. मी बसते.”

दाजी चालवायला बसले. मी मागे होतो, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचं चालवणं नीट पाहिलं. अक्काचा डावा हात दरवाजाच्या कडीवर होता. तिची बोटं जराशी आवळली की दाजींचा पाय आपोआप उचलला जायचा. वळण यायच्या कितीतरी आधी गाडी संथ व्हायची, गतिरोधकावरून झोळीतलं मूल न्यावं तशी अलगद उतरायची, पुढे धुराचा टेम्पो दिसला की मागे राहायची. त्यांना स्वतःला याचा पत्ताही नव्हता. दौंड रस्त्यावर पुष्कळ दूर जाऊन आम्ही परत आलो. अक्का ताजीतवानी होती.

“बगा!” दाजींनी स्टिअरिंगवर थाप मारली. “वळखलं तिनं! जरा येळ लागला, पन वळखलं!”

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात अक्कानं मागे वळून माझ्याकडे असे डोळे वटारले, की मी लहानपणी चिंचा चोरताना बसायचो तसा गप्प बसलो. घरी आल्यावर स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, “मला कवाच ठावं हाय रं. गाडीचं काय न्हाई त्यात. पन सांगू नको त्यांना. न्हाईतर रस्ता सोडून माज्याकडंच बगत बसत्याल.”

दुसऱ्या दिवशी राजूरला पहिली ओटी आईनंच भरली आणि दुसरी मिरजगावच्या खणाची. भाचीनं विचारलं, हा कुणाकडचा? दाजी म्हणाले, “गाडीच्या माहेराकडचा.” जुनी पेटी आता माळ्यावर मिक्सरशेजारी आहे. त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिला कोरडं हळद-कुंकू वाहिलं, नारळ चाकाशी फुटला.

त्यानंतर दाजींची नजर अधू होत गेली. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी गाडी चालवायला कायमची मनाई केली. जावयांनी मोठी गाडी घेतली आहे, ते अक्काला हवं तेव्हा न्यायला तयार असतात. अक्का म्हणते, मला गाडी लागते, नातीलाच इकडे आणा. रोज संध्याकाळी दाजी पांढरी गाडी अंगणात सुरू करतात, बॅटरी मरू नये म्हणून. ती जागची हलत नाही. मला ते बघवत नाही, हे सरळच सांगतो. परवा मी गेलो तर अक्कासुद्धा चपला बाहेर काढून त्यांच्या शेजारी बसलेली, हात दरवाजाच्या कडीवर.

“अक्का, उभ्या गाडीत कशाला बसलीस?” मी विचारलं.

“ह्यांना इचार की, कुठं निघालोय ते.”

दाजींनी समोरच्या गोठ्याच्या भिंतीवरून नजर न काढता सांगितलं, “राजूरला. येताय का पाव्हणं?”

मी चपला काढल्या आणि मागच्या सीटवर जाऊन बसलो.